पाहुण्यांना जुनी बॅटरी दाखवा

बंगळुरूच्या जे. पी. नगरात ‘सेल्को’चे कार्यालय आहे. हरीश हांडे आणि अमेरिकेतील नेव्हिल विल्यम्स यांनी १९९५ मध्ये ही सौर कंपनी सुरू केली. २०१० मध्ये तिच्या जोडीला सेल्को फाउंडेशन आले आणि पुढच्याच वर्षी हांडे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा नावाजलेल्या संस्थांकडे देशोदेशीचे देणगीदार येतात. लहान संस्थांकडे ते क्वचितच फिरकतात आणि आले की सगळी संस्था आठवडाभर त्यांच्याच तयारीत अडकते. मग फिरायला गाव निवडले जाते ते नुकतेच उजळलेले. नवे कोरे पॅनेल, दिव्याखाली पुस्तक उघडून बसलेली मुले, शाल, श्रीफळ, ठरलेले दोन-तीन लाभार्थी. कांदेपोह्याच्या कार्यक्रमात जेवढे कळते, तेवढेच यातून देणगीदाराला कळते. पाहुण्यांना न्यायचेच असेल, तर पाच वर्षांपूर्वी जिथे सोलर बसवला, त्या गावी न्यावे.

याचे पहिले कारण यंत्रातच आहे. सौर पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालते, पण त्याला जोडलेली साधी लेड-ॲसिड बॅटरी तीन ते पाच वर्षांत थकते. संच बसवल्यानंतरच्या पहिल्या वर्षात चांगली संस्था आणि वाईट संस्था सारख्याच दिसतात, कारण दोघींचेही दिवे लागतात. फरक कळतो तो बॅटरी बदलायची वेळ आल्यावर. पैसे कोणी साठवले, मिस्त्री किती दिवसांत आला, मोडलेला भाग कुठे मिळाला, हे तेव्हा विचारता येते. आता आपला कायदा पाहा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतील ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून फार तर तीन वर्षे चालू शकतो. म्हणजे बॅटरी मान टाकायच्या सुमारास प्रकल्पाची फाइल बंद होते आणि देणगीदाराच्या शेवटच्या भेटीत गाव उजळलेलेच असते. कोणी खोटे बोलत नाही, तरी चित्र खोटे उभे राहते.

सेल्कोचा स्वतःचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. तिने दिवे फुकट वाटले नाहीत. ग्रामीण बँकांना पटवून कर्जावर विकले आणि जवळपास सेवा केंद्रे उभारली. महिन्याला तीनशे रुपये जड जातात, पण रोजचे दहा रुपये फेरीवाला देऊ शकतो, हे तिला ग्राहकांकडूनच कळले आणि हप्ते त्या बेताने बांधले गेले. २००५ च्या सुमारास मात्र गाडी रुळावरून घसरली. जर्मनीतील सवलतींमुळे जगभर पॅनेलची मागणी आणि किमती वाढल्या, इकडे झपाट्याने विस्तारण्यासाठी नेमलेल्या फ्रँचायझींचे गणित बसेना. कंपनी तोट्यात गेली. ती सावरली तेव्हा तिच्यात पैसा घालणारेही बदललेले होते. वाढीच्या वेगापेक्षा सामाजिक हेतूला महत्त्व देणारे, कमी परताव्यावर थांबायची तयारी असलेले गुंतवणूकदार आले. तोट्याचे हिशेब पाहून आलेला हा पैसा होता, म्हणून तो टिकाऊ ठरला असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप येईल तो व्यवहाराचा. सेल्कोसारख्या नावाजलेल्या संस्थेला हे परवडेल, पण चार माणसांच्या संस्थेने बंद पडलेला दिवा दाखवला तर देणगीदार शेजारच्या संस्थेकडे जाईल. हा धोका खराच आहे. पण बंद दिवा एकटा दाखवायचा नसतो, त्याच्यासोबत दुरुस्तीची वहीही दाखवायची असते. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ने २०१२ मध्ये बॉश कंपनीच्या पैशातून सुमारे चाळीस घरांसाठी सौर मायक्रोग्रिड उभारला. तिथे घरोघरी मीटर आहेत, गावकरी दर महिन्याला वीजबिल भरतात आणि त्यातून पुढच्या बॅटऱ्यांची तजवीज होते. बाहेरून आलेल्या माणसाला दाखवायला त्या बिलाच्या पावतीइतकी भारदस्त वस्तू दुसरी नाही. आणि ती पाहूनही ज्याला नवे पॅनेलच हवे असेल, त्याचा पैसा तिसऱ्या वर्षी संस्थेच्या गळ्यात धोंडा होणार आहे.

दुसरा आक्षेप देणगीदारांच्या बाजूने येतो: आमच्याकडे एकच दिवस असतो, वह्या कधी वाचणार? वह्या आधी मागवाव्यात, दिवस माणसांशी बोलण्यात घालवावा आणि कोणत्या घरी जायचे ते यादीतून स्वतः निवडावे. सरबराईचा खर्चही त्यांनी ओळखावा. परदेशी देणगी नियमन कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. कार्यालयाचे भाडे, गाड्या, हिशेब, अहवाललेखन हे सगळे त्यातच बसवावे लागते. पाहुण्यांसाठी पळवलेली प्रत्येक गाडी आणि रंगीत अहवालाचे प्रत्येक पान याच तुटपुंज्या वाट्यातून जाते. गावकऱ्यांचा बुडालेला रोज तर कोणत्याच रकान्यात येत नाही.

हा प्रश्न आता दिव्यांपुरता उरलेला नाही. सेल्को फाउंडेशनने आयकिया फाउंडेशनच्या मदतीने देशातील २५,००० आरोग्य केंद्रांना सौरऊर्जा देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. लसींचा फ्रीज आणि प्रसूतिगृहातला दिवा पाचव्या वर्षी बंद पडला, तर पहिल्या वर्षीच्या फोटोंचा कोणाला उपयोग? देणगीदारांनी भेटीच्या निमंत्रणाला होकार देतानाच एक अट घालावी: तुमचा सर्वांत जुना संच दाखवा आणि तो दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीशी आमची गाठ घालून द्या.