कोंड्याबरोबर जाणारे जीवनसत्त्व

तांदूळ जितका शुभ्र तितका तो उत्तम, अशी समजूत भातगिरण्या खेडोपाडी पोहोचल्यापासून दृढ झाली आहे. ही समजूत शेतकऱ्याच्या घराला महाग पडते. तांदळातील ब१ जीवनसत्त्व, म्हणजेच थायामिन, दाण्याच्या गाभ्यात अल्प असते. ते मुख्यतः अंकुरात व तुसाखालच्या पातळ थरात साठलेले असते. पॉलिश करताना नेमका तोच भाग कोंड्यात जातो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या अन्नघटक-तक्त्यांप्रमाणे हातसडीच्या १०० ग्रॅम सुरय तांदळात ०.२१ मिलिग्रॅम थायामिन असते. यंत्रावर सडलेल्या सुरय तांदळात ते ०.०६ उरते.

थायामिनच्या रेणूत नत्र व गंधक असतात. शरीरात त्यास स्फुरदाची जोड मिळाली म्हणजे ते पिष्टमय अन्नापासून शक्ती निर्माण करण्याच्या क्रियेत साहाय्यक होते. अर्थात ज्याच्या ताटात भातच अधिक, त्याला त्याची गरजही अधिक. शरीरातील साठा दोन-तीन आठवड्यांपलीकडे पुरत नाही. मग पायांतील शक्ती जाते, सूज येते, हृदय दुर्बल होते. हाच बेरीबेरी रोग. आईच्या आहारात थायामिन नसेल तर तिच्या दुधातही ते कमी पडते, आणि वरकरणी धडधाकट दिसणारे दोन-तीन महिन्यांचे अंगावरचे मूल अकस्मात दगावू शकते.

जावा बेटावर १८९० च्या सुमारास डॉ. आयकमन यांच्या कोंबड्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पांढरा भात खाऊन लुळ्या पडल्या व कोंड्यासह तांदूळ मिळताच बऱ्या झाल्या. या शोधमालिकेतील कार्याबद्दल त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या गोठ्यात मात्र उलटा न्याय चालतो. कोंडा गुरांपुढे जातो; वस्तुतः रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्म जीव थायामिन स्वतःच तयार करतात. ज्याला मिळावयास हवे ते मूल पांढरा भात खाते!

यावर हातसडीचे गोडवे गाणे सोपे आहे. परंतु मुसळ ज्यांच्या हाती येणार त्या स्त्रियांना ते कोणी विचारीत नाही. गिरणी राहू द्यावी. मात्र पहिल्या सडीवर थांबण्यास गिरणीवाल्यास सांगावे, केवळ पांढरेपणासाठी तांदूळ यंत्रातून पुन्हा काढू नये. याहून चांगला मार्ग कोकणात व गोव्यात पूर्वापार चालत आलेला आहे. भात भिजवून उकडले म्हणजे थायामिन पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरते. त्यामुळे यंत्रावर सडलेल्या उकड्या तांदळातही ते ०.२१ मिलिग्रॅम राहते. उकडा तांदूळ गरिबाचा, असे म्हणून त्यास नाक मुरडणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. उकडण्यास सरपण व श्रम लागतात हे खरे. पण चार घरांनी मिळून एकदाच मोठे भांडे चढविले तर तो भार हलका होतो.

थायामिन पाण्यात विरघळते. म्हणून तांदूळ चार-चार वेळा चोळून धुऊ नयेत, वेळलेल्या भाताचे पाणी फेकू नये. उकड्या तांदळाची पेज पाण्यासकट प्यावयाची असते, हे योग्यच आहे. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालणे टाळावे, कारण क्षारामुळे थायामिन नष्ट होते.

कमी सडलेल्या तांदळास एक खोड आहे. त्यावर राहिलेल्या कोंड्यातील तेल खवट होते व तांदूळ फार दिवस टिकत नाही. याकरिता महिनाभर पुरेल एवढेच भात एका वेळी भरडावे; बाकीचे तुसासकट कणगीत राहू द्यावे.