एका धावेवरून निर्णय चुकीचा ठरत नाही



महेंद्रसिंग धोनीऐवजी स्टीव्ह स्मिथला कर्णधार केल्यामुळेच पुण्याचा २०१७ चा आयपीएल करंडक हुकला, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही.

पुण्याच्या संघाचे गहुंज्याचे मैदान आमच्या मावळातले. ती हार इथे अजून सलते, हे खरे. पण आधीचे वर्ष विसरून कसे चालेल? २०१६ मध्ये धोनीच्याच नेतृत्वाखाली पुणे आठ संघांत सातवे होते. पुढच्या वर्षी स्मिथच्या नेतृत्वाखाली ते साखळीत दुसरे आले. साडेचौदा कोटींना घेतलेल्या बेन स्टोक्सने गहुंज्यातच गुजरातविरुद्ध नाबाद १०३ धावा करून सामना जिंकून दिला.

हैदराबादच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध शेवटच्या षटकात ११ धावा हव्या होत्या. मनोज तिवारीने पहिल्याच चेंडूवर चौकार मारला. पुढच्या दोन चेंडूंवर तो आणि स्मिथ बाद झाले. पुणे एका धावेने हरले. शेवटचा चेंडू सीमापार गेला असता, तर कर्णधार बदलण्याच्या याच निर्णयाला आपण दूरदृष्टी म्हटले असते.

टीका जरूर व्हावी. स्मिथने ५१ धावांसाठी ५० चेंडू घेतले, हा आक्षेप रास्त आहे; वाढती धावगती त्याला मैदानावर दिसतच होती. निर्णय घेताना जे ठाऊक होते, त्यावरच तो जोखावा. निकाल कळल्यावर मागे वळून दोषी शोधणे खेळाडूंवर अन्यायाचे आहे आणि त्यातून क्रिकेटची समजही वाढत नाही.

— एक वाचक, लोणावळा