अर्धी योजना

नालेसफाईच्या टक्केवारीचे आकडे दरवर्षी मे महिन्यात प्रसिद्ध होतात आणि पावसाच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर त्यांची शोभा वाहून जाते. मग पाणी किती तुंबले व किती तासांनी ओसरले, याचीच चर्चा होते. ओसरलेले पाणी कोणत्या अवस्थेत कोठे गेले, हे मात्र कोणी विचारीत नाही. मुंबईच्या पर्जन्यजल योजनेतील खरा दोष, आमच्या मते, या न विचारलेल्या प्रश्नातच आहे.

मैलापाण्याच्या वाहिन्या निराळ्या आणि पावसाच्या पाण्याच्या निराळ्या, अशी या शहराची व्यवस्था कागदावर आहे. मैला प्रक्रिया केंद्राकडे जावा आणि पावसाचे पाणी, ते स्वच्छच असणार या समजुतीने, थेट खाडीस अगर समुद्रास मिळावे, हा तिचा हेतू. परंतु भर एप्रिलमध्ये मिठी नदीच्या एखाद्या पुलावर उभे राहून पाहावे. पात्रातून वाहणारे काळे पाणी पावसाचे नव्हे, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. मलवाहिनी न पोहोचलेल्या वस्त्यांचा मैला, तबेल्यांतील शेण, लहान कारखान्यांतील तेल व रसायने, हे सारे नाल्यांवाटे मिठीत आणि तेथून माहीमच्या खाडीत जाते. पहिल्या पावसात, रस्त्यांवर महिनोन् महिने साचलेल्या मळाची त्यात भर पडते.

१९८५ च्या पुरानंतर हाती घेतलेल्या अभ्यासाचा अहवाल १९९३ मध्ये सादर झाला. ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या वाहिन्यांची क्षमता ५० मिलिमीटरवर न्यावी, ही त्यातील मुख्य शिफारस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कोठे तिची निकड सर्वांस पटली. पुढे नाले रुंद झाले, उदंचन केंद्रे उभी राहिली. ही कामे आवश्यक होती, यात शंका नाही. पण पंप पाणी उपसतो, ते शुद्ध करीत नाही. शिवाय पूर येतो तेव्हा हेच पाणी घरांत शिरते. २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने घेतलेले बळी कोणी विसरू नयेत.

उपाय अज्ञात नाहीत. कोरड्या ऋतूत नाल्यांतून वाहणारे पाणी मुखापूर्वीच अडवून मलवाहिनीत वळवावे. वस्ती अधिकृत की अनधिकृत हा वाद चालत राहील. मैला त्या निकालासाठी थांबून राहत नाही. म्हणून प्रत्येक वस्तीतील शौचालये मलवाहिनीस जोडणे, हे पूरनियंत्रणाइतकेच तातडीचे मानले पाहिजे. पहिल्या सरींचे पाणी काही काळ थोपवून त्यातील गाळ व तेल खाली बसू देण्यासाठी मोकळ्या जागा राखाव्यात. आणि झोपडपट्टीकडे बोट दाखविणाऱ्या सुशिक्षितांनी आपल्या इमारतीचे सांडपाणी नेमके कोणत्या वाहिनीस जोडले आहे, हे एकदा तपासून पाहावे.

पाण्याला वाट करून देणे ही अर्धी योजना झाली. पुढील मे महिन्यात पालिकेने काढलेल्या गाळाच्या वजनाबरोबर, किती नाले उन्हाळ्यात कोरडे राहिले, हाही आकडा जाहीर करावा. त्या एका आकड्यावरून उरलेल्या अर्ध्या योजनेची परीक्षा होईल.