मोटारीचे वय मोजावे कसे?

दांडिया बाजारातील जुन्या वाड्यांतून, आणि आता त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतूनही, एक वाक्य अलीकडे वारंवार कानांवर पडते : ‘गाडीला पंधरा वर्षे झाली; आता ती काढलीच पाहिजे.’ बोलणारा गृहस्थ हे वाक्य कायदा म्हणूनच बोलत असतो. वस्तुतः कायदा तसे म्हणत नाही. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, हे खरे. परंतु त्यानंतर गाडी सुस्थितीत असल्याचे तपासणीत ठरले, तर ती नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. दिल्ली परिसरात मात्र दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांविरुद्ध २०१५ व २०१८ साली आदेश झाले, आणि तिकडच्या बातम्या ऐकून इकडची चांगली चालती गाडी मातीमोल भावाने विकणारी कुटुंबे आपल्यातही निघाली. मध्यमवर्गीय घरात घराखालोखाल मोठा खर्च मोटारीचा असतो. तेव्हा तिचे आयुष्य नेमके कशाने ठरते, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नाही, तो गृहस्थाच्या जमाखर्चाचाही आहे. आमचे मत असे की, पंचांग हे मोटारीचे वय मोजण्याचे सर्वांत सोपे आणि सर्वांत चुकीचे साधन आहे.

मुंबईच्या ‘पद्मिनी’चे उदाहरण घ्यावे. सोलापुरात स्थायिक झालेल्या गुजराती घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. (आपली घराणी महाराष्ट्रातून गुजरातेत आली, त्यांचे गुजरातेतून महाराष्ट्रात गेले, देवाणघेवाण जुनीच आहे.) कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली १९६४ ची ‘फियाट डिलाइट’ पुढे ‘पद्मिनी’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिचे १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन इतके साधे होते की रस्त्याकडेचा मिस्त्री ते चार पान्यांनिशी उघडू शके. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सीला वयोमर्यादा वीस वर्षांची, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. या गाडीचे उत्पादन बरेच आधी थांबले होते आणि सुटे भाग दुर्मिळ झाले होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु मालकाने स्वतः चालविलेली, रोज पुसलेली गाडी, आणि पाळीपाळीने चार जणांच्या हाती पडून खिळखिळी झालेली गाडी, या दोन्ही एकाच वर्षी नोंदल्या गेल्या असतील, तर दोघींना निरोपही एकाच वर्षी मिळाला. यंत्राने दिलेला तो निकाल नव्हता.

यंत्राचा निकाल निराळ्या रीतीने लागतो. इंजिनातील धातूचे भाग एकमेकांवर घासत असतात, आणि त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ पदर असतो म्हणूनच ते टिकतात. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल खाली उतरते. सकाळी इंजिन सुरू होताच पहिले काही क्षण हा पदर अपुरा असतो आणि झीज अधिक होते. शिवाय पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरते तापले, तर तेलात उतरलेली ती वाफ आणि न जळलेले पेट्रोल उडून जाते; तापले नाही, तर ती तेलातच राहून त्याचा कस घालवतात.

आता आपल्या भागातील मोटारीची दिनचर्या पाहा. घरून खंडेराव मार्केटपर्यंत भाजीसाठी, तेथून रावपुऱ्यात एखाद्या कामासाठी, परत घरी. दोन-तीन किलोमीटरांची ही फेरी इंजिन धड तापण्यापूर्वीच संपते. ‘आमची गाडी फारशी फिरतच नाही, नव्यासारखी आहे’ असे तिचे मालक कौतुकाने सांगतात, आणि त्याच समजुतीने तेल बदलण्याचे लांबणीवर टाकतात. खरे पाहता महामार्गावरून आठवड्याला मुंबईस जाऊन येणाऱ्या गाडीचा एक किलोमीटर या गाडीच्या एका किलोमीटरापेक्षा पुष्कळ सौम्य असतो. छोट्या फेऱ्या, धूळ आणि चौकाचौकांत थांबणे असा वापर असल्यास तेल लवकर बदलावे, असे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत बहुधा लिहिलेले असते. ती पुस्तिका मात्र प्लॅस्टिकच्या वेष्टणासह कप्प्यात सुखाने पडून असते.

अमेरिकेतील अर्व्ह गॉर्डन नावाच्या एका विज्ञानशिक्षकाने १९६६ साली एक व्होल्व्हो गाडी घेतली. सप्टेंबर २०१३ मध्ये तिने तीस लक्ष मैल, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस लक्ष किलोमीटर पुरे केले. तिच्या इंजिनाची मोठी दुरुस्ती करावी लागलीच. पण गाडी तीच. या गृहस्थाकडे कोणतेही गुपित नव्हते. तो लांबचे अंतर चालवी आणि पुस्तिकेत सांगितलेले काम सांगितलेल्या वेळी करी.

वर्षांना काहीच अर्थ नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. टायर कडक होऊन चिरतात, पाण्याच्या नळ्या फुगतात, ब्रेकमधील द्रव हवेतील ओल शोषतो. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला होता. तेथील चकचकीत गाड्या पाहून अनेकांना अचंबा वाटला. तथापि जपून ठेवलेली गाडी आणि रोज राबणारी गाडी यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

कधी कधी मोटारीचे आयुष्य एका क्षणातही संपते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले आणि असंख्य गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर अशा गाडीची किल्ली फिरवून पाहणे हा मोठा धोका. इंजिनाच्या नळकांड्यात हवेऐवजी पाणी असेल, तर ते दाबले जात नाही, आणि वर येणाऱ्या दट्ट्याचा दांडा वाकतो किंवा मोडतो. गाडी ओढून नेली, पाणी काढून टाकले आणि तेल बदलले, तर जे इंजिन वाचू शकले असते, तेच अधीरपणाने कायमचे निकामी होते. ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने घरी सांगावी. विश्वामित्री पुन्हा येणार नाही असे थोडेच आहे?

याखेरीज मिस्त्रीचा हात. सयाजीराव महाराजांनी १८९० साली याच शहरात कलाभवन काढले, ते हाताच्या विद्येला मान मिळावा म्हणून. आज गॅरेजात बिघाड शोधण्याऐवजी अख्खा भाग बदलण्याकडे कल दिसतो, आणि दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीपुढे गेला की मालक हात टेकतो. बहुतेक मोटारी अशा आकडेमोडीनेच मरतात. क्यूबात १९५० च्या दशकातील अमेरिकन गाड्या इतकी वर्षे चालल्या, त्या लोखंड अधिक चांगले होते म्हणून नव्हे. नवी गाडी मिळणेच दुरापास्त असल्यामुळे तेथे ही आकडेमोड कधी पुरीच झाली नाही.

जुनी गाडी धूर अधिक ओकते, हा आक्षेप रास्त आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या कसोटीस पद्मिनी कधीच उतरली नसती. म्हणूनच ऑगस्ट २०२१ मध्ये गांधीनगरच्या परिषदेत सुरू झालेल्या धोरणातील एक तत्त्व आम्हांस मान्य आहे : वीस वर्षांनंतर खाजगी गाडी तपासणीत नापास झाली, तरच ती मोडीत काढावी. नवल एवढेच की, १ एप्रिल २०२३ पासून सरकारने स्वतःच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांना मात्र पंचांगच लावले. आमची सूचना अशी की, पंधरा वर्षांनंतर तपासणी पाच वर्षांनी न होता दर दोन वर्षांनी व्हावी, आणि ती कडक असावी. ब्रेक, धूर आणि चाकांची जोडणी पाहावीच, शिवाय गाडी उचलून सांगाड्याचा गंजही पाहावा. तेथे जी उत्तीर्ण होईल, तिला बावीस वर्षांची असली तरी चालू द्यावे, आणि जी अनुत्तीर्ण होईल ती आठ वर्षांची असली तरी रस्त्यावरून उतरवावी.