जाहीर आवाहन : कच्च्या पोराच्या हाती भरली गाडी देऊ नका

चालक, क्लिनर, वाहनमालक, ट्रान्सपोर्टवाले, कांदा-द्राक्षाचे व्यापारी आणि ज्यांच्या घरचा पोरगा गाडीवर जातो त्या सर्व आईवडिलांना,



घाटात गेलेल्या आपल्या पोराचा दहावासुद्धा झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. आपल्याच भागातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला : 'कांदा भरून गाडी उभी आहे. लाइन पाटणा. ड्रायव्हर अर्जंट पाहिजे. हलकं लायसन्स असलं तरी चालेल.' खाली अंगठ्यांची रांग लागली. दोघांनी तर लगेच नंबर मागितला. एकानेही विचारलं नाही की बाबा, परवाच काय झालं ते विसरलास का? हे पत्रक आपल्या संघटनेने त्या अंगठ्यांना उत्तर म्हणून काढलं आहे.

काय झालं ते ज्यांना अर्धवट माहीत आहे त्यांनी नीट ऐकावं. पोरगा एकोणीस वर्षांचा. क्लिनर म्हणून गाडीवर गेला, गाडी पुढेमागे घेता यायला लागली आणि उस्तादाने सरळ रस्त्यावर स्टेअरिंग द्यायला सुरुवात केली. त्या रात्री उस्ताद दोन दिवसांचा जागा होता. व्यापाऱ्याचा फोनवर फोन चालू होता, माल सकाळच्या बाजाराला लागला पाहिजे, नाहीतर भाड्यातून पैसे कापू. उस्ताद मागे आडवा झाला आणि घाटाचा उतार पोराच्या हाती आला. समोर दुचाकीवर जोडपं होतं. ते दोघेही गेले. पोरगा केबिनमध्ये चेंगरला. उस्ताद वाचला, आणि लगेच सगळीकडे 'ब्रेक फेल, ब्रेक फेल' सुरू झालं.

गाडी ओढून आणल्यावर ज्या मेकॅनिकने चाकं उघडली त्याच्याकडे आमची माणसं गेली होती. ड्रम तापून निळे पडले होते. लायनर हाताने चुरगळावं इतकं जळलं होतं. आणि गिअर न्यूट्रलला होता. पोराला कोणीतरी शिकवलं होतं की उताराला न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं. ब्रेक आपोआप गेला नाही, आपल्या शिकवणीने जाळला.

न्यूट्रलचं हे खूळ आता डोक्यातून काढा. दहा टायरची भरली गाडी अठ्ठावीस टनांची. गिअरमध्ये असली की इंजिन तिला धरून ठेवतं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते. घाबरलेलं पोरगं पेडल पुन्हा पुन्हा दाबतं आणि टाकीतली हवा उतरते. इंजिनच बंद केलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. आणि डिझेल? आजकालच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेल आपोआप तुटतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावंच लागतं. म्हणजे वाचत तर काहीच नाही! ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची, हे जुने उस्ताद शाळा न शिकता सांगत होते.

हे फक्त आपल्याकडे घडलं असं नाही. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका अवजड गाडीने पुढच्या गाड्यांची रांगच चिरडली. चालकाने उताराला इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या तपासात पुढे आलं. त्याच उतारावर १३ नोव्हेंबर २०२५ ला कंटेनरने आठ जीव घेतले. ४ जुलै २०२३ ला आपल्याच मुंबई-आग्रा रस्त्यावर शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला कंटेनर थेट हॉटेलात घुसला, दहापेक्षा जास्त माणसं गेली. त्या हॉटेलावर आपल्यापैकी किती जणांनी चहा घेतला असेल! देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली पंधरा हजारांवर आपल्या महाराष्ट्रातली. सगळे दोष ट्रकवाल्यांचे नाहीत, हे आम्ही प्रत्येक बैठकीत ठणकावून सांगतो आणि यापुढेही सांगू. पण जे आपले आहेत ते तरी आपण उचलणार की नाही?

आता आमच्यापुढे येणारी कारणं. 'ड्रायव्हर मिळत नाहीत.' मिळत नाहीत, कारण भत्ता वाढवायला तुम्ही तयार नाही. पिंपळगावहून कोलकाता अठराशे किलोमीटरच्या आसपास, गुवाहाटी तर त्याच्याही कितीतरी पुढे. एवढ्या लाइनवर एकटा माणूस पाठवता आणि दुसरा ड्रायव्हर परवडत नाही म्हणता. 'आम्हीपण क्लिनरचेच ड्रायव्हर झालो.' झालात, पण पाच-पाच वर्षं उस्तादाच्या शेजारी बसून, त्याच्या शिव्या खाऊन झालात. तेव्हा रस्ते अरुंद होते, गाड्या हळू चालायच्या. 'सुप्रीम कोर्टाने हलकं लायसन्स चालतं म्हटलंय.' हे सांगणाऱ्याने निकाल वाचलेला नाही. नोव्हेंबर २०२४ चा तो निकाल साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनांपुरता आहे. तुमची दहाचाकी त्यात कुठे बसते?

कायदा साधा आहे. ट्रक चालवायला वय वीस पूर्ण लागतं, आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स निदान वर्षभर हातात असावं लागतं. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर मालकावरही गुन्हा, पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'इन्शुरन्स आहे ना' म्हणणाऱ्यांनी वकिलाला विचारून घ्यावं : चालकाचं लायसन्स नसेल तर कंपनी मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई देऊन तीच रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते. शेत विकावं लागेल.

आपली संघटना रस्त्यावर उतरायला कधी घाबरली नाही. जानेवारी २०२४ मध्ये 'हिट अँड रन'साठीच्या दहा वर्षांच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध देशभर गाड्या उभ्या राहिल्या तेव्हा आपल्या भागातली एकही गाडी यार्डाबाहेर पडली नाही. २०२० च्या टाळेबंदीत सगळं जग घरात बसलं होतं तेव्हा आपली माणसं कांदा घेऊन परराज्यात जात होती, बंद ढाब्यांसमोर गाडीतच खिचडी शिजवत होती. या माणसांचं नाव आपण असं घालवणार? उद्या पुन्हा सरकारपुढे चालकांची बाजू मांडायला गेलो आणि कोणी तो मेसेज समोर टाकला, तर कोणत्या तोंडाने बोलायचं?

म्हणून कार्यकारिणीने ठरवलं आहे, आणि हे आजपासून लागू आहे.

मालकांनी लायसन्सची मूळ प्रत हातात घेऊन, ऑनलाइन तपासून मगच चावी द्यायची. मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. नवीन ड्रायव्हरला पहिले सहा महिने एकट्याला लांबची लाइन नाही. कसारा असो, राहुड असो, बोरघाट असो, घाट त्याने आधी दिवसा, उस्ताद शेजारी जागा असताना उतरवायचा. उस्ताद मागे झोपला असेल तर त्याला शिकवणं म्हणायचं नाही. रात्रीच्या लांब लाइनवर दोन पक्के ड्रायव्हर. १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विसावा सांगितला होता. तेवढं पाळणं आज कुणाला जमत नसेल, पण डोळे मिटायला लागल्यावर गाडी बाजूला घेणं तर जमेल. त्यासाठी झालेल्या उशिराला संघटना जबाबदार राहील. व्यापारी भाडं कापायला लागला तर आम्हाला फोन करा, त्याच्या वखारीसमोर येऊन बसू.

व्यापारी बंधूंनो, तुम्हालाही यातून सूट नाही. दर तासाला 'कुठे पोचला' म्हणून चालकाला फोन करणं बंद करा. फोन ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला करा. ओव्हरलोड भरायला लावणाऱ्याची गाडी आम्ही भरू देणार नाही.

क्लिनर पोरांनो, उस्ताद म्हणाला 'घे जरा', आणि समोर घाट असेल, तर नाही म्हणा. मार बसला तरी नाही म्हणा. घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवायची, चाकांना हात लावून तापलेली आहेत का बघायचं, हवेचा काटा बघायचा, मगच पुढे. लाजायचं काही नाही त्यात. आणि आईबापांनो, पहिल्या ट्रिपचे पैसे आले की पेढे वाटण्याआधी विचारा, गाडी कोणी चालवली?

लायसन्सची तपासणी, ब्रेक आणि हवेची माहिती आणि चालू गाडीवर उतरणीचा सराव येत्या रविवारी सकाळी आठला मार्केट यार्डामागच्या मोकळ्या जागेत आहे. आपले चार जुने उस्ताद शिकवायला येणार आहेत, पैसे लागणार नाहीत. डोळ्यांचे डॉक्टरही असतील. ज्याने तो मेसेज टाकला त्या मालकानेही यावं, त्याच्यासाठी पहिल्या रांगेत जागा ठेवली आहे. येताना गाडीची कागदपत्रं, सगळ्या ड्रायव्हरांची लायसन्स आणि गाडीवरचा क्लिनर, तिन्ही बरोबर आणा. जो मालक येणार नाही त्याच्या गाडीला पुढच्या सोमवारपासून संघटनेची पावती मिळणार नाही.

आपला,
सचिव, कार्यकारिणीच्या वतीने