कोष्टकातला विसरलेला रकाना

दिवाळीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात. समजा, एका कारखान्यावर दुप्पट कोयते आले. साखर दुप्पट होईल का? नाही! यंत्रे दिवसाला ठरावीकच ऊस गाळतात. जादा तोडलेला ऊस वाळेल, साखरेचा उतारा घटेल. काम वाटले जाऊन प्रत्येकाची मजुरी कमी होईल. खाणारी तोंडे वाढून बाजारात धान्य मात्र अधिक खपेल. उद्योगांची अशी गुंफण वासिली लिओन्टिएफ यांनी कोष्टकात मांडली; त्याबद्दल १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण आईबापांबरोबर गेलेल्या मुलांचे गावच्या शाळेतले रिकामे बाक कोणत्या रकान्यात मांडायचे? तो रकाना आधी आखा. मगच हिशेब पुरा झाला म्हणा.