स्कोअर अटकला? नवी टेस्ट सिरीज घेण्याआधी जुने पेपर उघडा



दीड महिन्यापूर्वी आमगावकडचा एक मुलगा भेटायला आला. घरी धानाची शेती, मोठ्या भावाचं किराणा दुकान, आणि याच्या डोक्यात मुरमुऱ्याचं युनिट टाकायचं. पण आधी एमबीए करायचं म्हणून एमबीए सीईटीची तयारी चालू. खुर्चीवर बसला आणि पहिलंच वाक्य बोलला, "सर, मी अटकलो. तीन महिने झाले, मॉकमध्ये 104 च्या पुढे जातच नाही. अजून एक टेस्ट सिरीज घेऊ का? बाबा म्हणतात, घरात ठेवलेलं धान विकून पैसे देतो."

मी म्हटलं, "घेऊ नकोस. आधी मागच्या पेपरांत काय झालं ते दाखव."

त्याच्याकडे मार्कांची यादी होती. कोणता प्रश्न का चुकला, याची एक ओळही लिहिलेली नव्हती.

मी स्वतः ट्रेनिंग देऊन पोट भरतो, त्यामुळे हे बोलणं मला परवडणारं नाही. तरी स्पष्ट सांगतो: स्कोअर अटकला की बहुतेक पोरं नवा क्लास, नवं पुस्तक, नवी टेस्ट सिरीज विकत घेतात. माझ्या मते हा पैसा बहुतेक वेळा वाया जातो. अटकलेला स्कोअर तुमच्याकडे हिशोब मागत असतो, आणि आपण त्याला आणखी माल पुरवत बसतो.

आपण गोंदियाची माणसं, म्हणून राइस मिलच्या भाषेत बोलू. सरकारी भरडाईत 100 किलो धानामागे 67 किलो तांदूळ द्यावा लागतो. समजा मिलमध्ये अख्खा तांदूळ कमी आणि कनकी जास्त पडायला लागली. मिलवाला काय करतो? आणखी धान ओततो का? ओतलं तर कनकीच जास्त पडेल. तो मिल थांबवून बघतो: धानात ओल किती, रबर रोल झिजलेत का, पॉलिशरचा दाब जास्त तर नाही. दाणा नेमका कुठे तुटतोय ते शोधतो आणि तेवढंच दुरुस्त करतो. मॉकवर मॉक देणं म्हणजे बिघडलेल्या मिलमध्ये धान ओतत राहणं.

आता त्या मुलाचा हिशोब बघा. एमबीए सीईटीचा ज्या नमुन्यावर तो सराव करत होता, त्यात 200 प्रश्न आणि 150 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. लॉजिकल रीझनिंगचे 75, अ‍ॅबस्ट्रॅक्ट रीझनिंगचे 25, गणिताचे 50, इंग्रजीचे 50. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, आणि चुकीच्या उत्तराला वजा गुण नाहीत.

आम्ही त्याचा शेवटचा पेपर उघडला. 148 प्रश्न सोडवले, 104 बरोबर, 44 चूक, 52 कोरे. त्या 44 चुका एकेक करून वहीत घातल्या आणि समोर कारण लिहिलं. 13 प्रश्न खरोखर येत नव्हते. 19 येत होते, पण घाईत प्रश्न नीट वाचला नाही. 12 ठिकाणी दोन पर्यायांवर येऊन चुकीचा निवडला. आणि त्यात गणिताच्या चुका किती? फक्त 6. हा पठ्ठ्या दोन महिने रोज रात्री गणिताचेच व्हिडिओ बघत होता! दुकानात साखर चांगली खपते म्हणून साखरच भरत राहायची आणि तेलाचा डबा गळतोय तिकडे बघायचंच नाही, असा हा प्रकार.

मग वेळ तपासला. बैठकव्यवस्थेच्या तीन कोड्यांवर त्याने 26 मिनिटं घालवली होती. 45 सेकंदांच्या हिशोबाने हा जवळजवळ 35 प्रश्नांचा वेळ. पेपरच्या शेवटी जे 52 प्रश्न कोरे राहिले, त्यांचा वेळ इथे गेला होता. आणि वजा गुण नसताना 52 प्रश्न कोरे सोडणं म्हणजे गल्ला उघडा टाकून जेवायला जाणं. डोळे मिटून एकच पर्याय भरला असता तरी पाचात एक या हिशोबाने सरासरी दहा गुण आले असते.

हा नियम सगळ्या परीक्षांना लावू नका. आयआयएमसाठीच्या कॅटमध्ये पर्यायी प्रश्न बरोबर आला तर 3 गुण, चुकला तर 1 गुण वजा. तिथे अंदाजपंचे भरलं तर आहे तेही जाऊ शकतं. आपल्या परीक्षेचं त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, कारण नियम बदलतात. दुकान टाकण्याआधी भाडेकरार वाचतो ना, तसंच.

तुम्हीही हेच करा. एक साधी शंभर पानी वही घ्या आणि मागच्या तीन मॉकमधला प्रत्येक चुकलेला आणि सोडलेला प्रश्न चार खात्यांत टाका: येतच नव्हतं, येत होतं पण घाई झाली, दोन पर्यायांत अडकलो, वेळच मिळाला नाही. प्रत्येक खात्याचं औषध वेगळं आहे. पहिल्याला अभ्यास लागतो. दुसऱ्याला प्रश्नाची शेवटची ओळ दोनदा वाचायची सवय. तिसऱ्याला, बरोबर पर्याय बरोबर का आणि आपला चूक का, हे स्वतःच्या शब्दांत लिहून काढणं. चौथ्याला, दोन मिनिटांत धागा सापडला नाही तर कोडं सोडून पुढे जाणं. नवी टेस्ट सिरीज यातलं एकही औषध देत नाही. ती फक्त रोग पुन्हा मोजते.

आता थोडा धीर देणारी गोष्ट. स्कोअर अडकणं हा तुमच्या अकलेवरचा ठपका नाही. 1897 साली अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर या दोघांनी तारेचे संदेश घ्यायला शिकणाऱ्यांचा अभ्यास केला. हार्टर स्वतः तार ऑपरेटर होता. शिकणाऱ्यांचा वेग सुरुवातीला वाढायचा, मग बरेच आठवडे एकाच जागी थांबायचा आणि त्यानंतर पुन्हा चढायचा. त्यांनी मांडलेलं कारण असं, की एकेक अक्षर ओळखणं आपोआप व्हायला लागेपर्यंत माणूस अख्खा शब्द ऐकू शकत नाही. बाहेरून वेग थांबलेला दिसतो, आत सवय पक्की होत असते.

तुमची अक्षरं कोणती? 30 पर्यंतचे पाढे आणि वर्ग, अपूर्णांकांची टक्केवारी, 1/7 म्हणजे 14.28 टक्के आणि 1/8 म्हणजे 12.5 टक्के, डावी-उजवी बाजू न अडखळता ओळखणं. यातलं काही आठवावं लागत असेल तर 45 सेकंद पुरणारच नाहीत. रोज सकाळी 20 मिनिटं एवढंच करा. दोन-तीन आठवडे मार्कांत काही दिसणार नाही. दिसत नाही म्हणून सोडू नका.

आणि एका मॉकवरून घाबरूही नका. 200 प्रश्नांच्या पेपरात पाच-सहा गुण खालीवर होणं म्हणजे रोजच्या गल्ल्यातला फरक. एका मंगळवारचा धंदा बघून कोणी दुकान बंद करत नाही. तीन मॉकची सरासरी धरा. निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो, म्हणजे तुमची जागा बाकीच्यांच्या तुलनेत ठरते. वरच्या टोकाला थोडं सरकायलाही बरेच गुण लागतात, हेही डोक्यात ठेवा.

गावाकडच्या पोरांसाठी एक खास सूचना. परीक्षा कॉम्प्युटरवर असते आणि तुम्ही मॉक मोबाइलवर देता, तेही खाटेवर पडून. आठवड्यातून एकदा जवळच्या एमएस-सीआयटी सेंटरवर किंवा कॅफेत बसून, अडीच तास न उठता, परीक्षेच्या वेळेलाच पेपर द्या. घरी मारलेल्या दहा मॉकपेक्षा हा एक जास्त शिकवेल. बाकीचे दिवस वहीचे.

शेवटी ते बोलतो, जे क्लासवाले सहसा बोलत नाहीत. शेवटची तारीख ठरवा. सहा आठवडे प्रामाणिकपणे वही लिहूनही सरासरी हलली नाही, तर त्या मार्कांत जे कॉलेज मिळतं ते घ्या, नाहीतर सरळ कामाला लागा. मुरमुऱ्याचं युनिट टाकायला पर्सेंटाइल लागत नाही. तिसऱ्या वर्षी तीच परीक्षा देत बसलेला मुलगा घरच्या धानाचे पैसे आणि स्वतःची दोन वर्षं, दोन्ही खर्च करतो, आणि त्यातली वर्षं कोणतंही पीक परत देत नाही.

त्या मुलाचा परवा फोन आला. शेवटचे तीन मॉक: 117, 113, 119. त्यातले आठ-दहा गुण नुसते कोरे प्रश्न भरल्यामुळे आलेत, हे त्यालाही माहीत आहे. बाकीचे वहीचे. परीक्षा अजून व्हायची आहे, म्हणून मी याला यशोगाथा म्हणणार नाही. पण फोनवर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. आता तो भावाच्या दुकानाची उधारीची वही घेऊन बसतो आणि कोणतं गिऱ्हाईक का अडलं, हे समोर लिहून काढतो.

बाबांचं धान अजून घरात आहे. युनिट टाकायच्या वेळी कामाला येईल.

तुम्ही आज रात्री एकच करा. नवा मॉक लावू नका. मागचा उघडा, पहिला चुकलेला प्रश्न काढा आणि समोर कारण लिहा.